गळ्याच्या वरची औषधं

त्या औषधाच्या दुकानात भिंतीवर एक माणूस उभा होता. नवख्याला तो दिसायचा नाही, त्याला नुसते खोक्यांनी भरलेले कप्पे दिसायचे. मावशीला मात्र तो रोज दिसे. सगळ्यात वर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचायचा नाही तिथे, केसांची तेलं आणि कोंड्याचे शाम्पू. त्याखाली डोळ्यांचे आणि कानांचे थेंब. त्याखाली चेहरा. मग घसा, मग छाती, मग पोट, पोटाच्या खाली बायकांचा कप्पा, त्याखाली गुडघ्यांचे पट्टे, आणि अगदी तळाला, केरसुणी लागून लागून रंग उडालेल्या फळीवर, टाचांच्या भेगांची मलमं. थोरल्या मालकांनी दुकान उघडलं तेव्हा ते असं लावलं होतं. गिऱ्हाइकाला औषधाचं नाव येत नाही, ते म्हणायचे, पण दुखतंय तिथे हात ठेवता येतो. तो स्वतःच्या अंगावर जिथे हात ठेवेल, आपण भिंतीवर तिथे हात घालायचा.

आणि खरंच तसं व्हायचं. माणसं काउंटरपाशी यायची, बोलायच्या आधी हात न्यायची, कोणी कपाळाला, कोणी पोटाला, आणि मावशी वळून बरोब्बर तेवढ्या उंचीवर हात घालायची.

थोरल्या मालकांचं आणखी एक वाक्य होतं. 'गळ्याच्या वर हौस, गळ्याच्या खाली दुखणं.' डोळ्या-कानांचे थेंब सोडले तर गळ्याच्या वरचं सगळं त्यांच्या लेखी नटण्यामुरडण्यात जमा होतं. ते फारसं न विचारता द्यायचं. छातीपासून खालचं मात्र चिठ्ठी बघून, चष्मा लावून, दोनदा वाचून. मालक गेले, धाकटे मालक गल्ल्यावर बसायला लागले, पण वाक्य दुकानात राहिलं. मावशीच्या तोंडी ते इतकं बसलं होतं की ते आपलंच आहे असं तिला वाटायचं.

अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची. खरी भाची मात्र एकच होती.

मावशी या दुकानात आली ती चेहऱ्यामुळेच. कोवळ्या वयात तिचे गाल मुरुमांनी असे काही पेटले की शेजारपाजारच्या बायका बोलताना तिच्या कपाळाच्या वर कुठेतरी बघायच्या. तेव्हा या दुकानात चेहऱ्यासाठी गंधकाचा वास मारणारं एक लोशन होतं, बाकी काही नव्हतं. ते घ्यायला ती इतक्यांदा आली की शेवटी थोरल्या मालकांनीच विचारलं, काम करशील का. मुरूम गेले. खड्डे राहिले. लग्नाचं बोलणं दोनदा झालं आणि दोनदा फिसकटलं. कारण कोणी सांगितलं नाही, तरी ते गालांना कळलं. काउंटरमागे ती नेहमी एका ठरावीक जागी उभी राहायची. तिथे रस्त्यावरचा उजेड समोरून पडायचा, त्यामुळे खड्ड्यांच्या सावल्या पडत नसत. इतक्या वर्षांत ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. आली असली तर भाचीच्या.

मोठी बहीण आजारात गेली आणि तिची मुलगी दप्तरासकट मावशीकडे आली. मावशी तिला ठकी म्हणायची. शाळा सुटल्यावर ठकी दुकानात काउंटरच्या टोकाला बसून अभ्यास करायची. शरीर ती या भिंतीवरूनच शिकली. एकदा वर्गात बाईंनी विचारलं, हृदय कुठे असतं, तर ही उठून म्हणाली, "घशाच्या खाली, पोटाच्या वर, खोकल्याच्या शेजारी." तो विनोद दुकानात कित्येक वर्षं चालला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघींचा खेळ असायचा. मावशी गंभीर चेहऱ्याने विचारायची, "बोला बाई, कुठे दुखतंय?" ठकी कधी कोपर दाखवायची, कधी शेंडी, आणि मावशीने न बघता त्या कप्प्याला हात लावायचा.

पुढे ठकी मोठी झाली आणि मावशीचे गाल तिच्या चेहऱ्यावर आले. असं वारशात काय काय येतं. आईचे डोळे आले, ते कोणाला दिसेनात.

त्या सुमाराला दुकानात नवी फार्मासिस्ट आली. जुने फार्मासिस्ट गावी परतले होते आणि भिंतीवर टांगायला परवाना तर हवाच. ही मुलगी चष्मा लावायची, हळू बोलायची आणि सगळी खोकी वळवून मागचं वाचायची. मावशीने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'मॅडम' ठेवलं, तेही जरा ताणून.

एका दुपारी मॅडमने चेहऱ्याचा अख्खा कप्पा काउंटरवर उतरवला.

"मावशी, हे सगळं पिंपल्सचं म्हणून एकत्र ठेवलंय तुम्ही?"

"मग काय गुडघ्यात ठेवू?"

मॅडम हसली. खोकी सरकवत म्हणाली, "चेहऱ्याची आहेत खरी, पण एका घरातली नाहीत. आधी दोन भाग. इकडे वरून लावायची, तिकडे पोटात घ्यायची. आता लावायच्यात बघा. ही ट्यूब बुजलेली छिद्रं मोकळी करते. ही जंतू मारते, टॉवेलचा रंगही घालवते. हे लोशन अँटिबायोटिक, ते एकटंच देत राहिलं तर जंतू त्याला पुरून उरतात. आणि ही ट्यूब पिंपल्सची नाहीच. स्टिरॉइड आहे. चार दिवस चेहरा काचेसारखा दिसतो आणि मग कातडी पातळ होत जाते. ही तुमच्याकडे सगळ्यात पुढे."

"सगळ्यात जास्त जाते म्हणून."

"जाते, आणि गेलेली बाई परत येते, बरोबर ना? सोडता येत नाही म्हणून येते."

मॅडमने पोटात घ्यायच्या औषधांकडे हात वळवला. "यात या अँटिबायोटिकच्या गोळ्या. शिवाय हार्मोनच्या गोळ्या असतात, त्या मला या कप्प्यात दिसल्या नाहीत."

"त्या पाळणा लांबवायच्या. बायकांच्या कप्प्यात."

"डॉक्टर पिंपल्सवरही देतात."

"म्हणजे एकच गोळी, एकीच्या पोटाची आणि दुसरीच्या तोंडाची?"

"हो."

"मग ठेवायची कुठे?"

"म्हणून तर जागेवरून लावायचं नसतं, मावशी. औषध काय करतं त्यावरून लावायचं."

शेवटी एक खोकं उरलं. ते तिने बाकीच्यांपासून वीतभर लांब ठेवलं. "या कॅप्सूल. छिद्रं मोकळी करणाऱ्या ट्यूबच्याच कुळातल्या, व्हिटॅमिन ए च्या. पण ट्यूब चेहऱ्यावर राहते आणि ही अंगभर फिरते. तेल सुटणंच कमी करते, म्हणून हट्टी पिंपल्स जातात. पण बाईच्या पोटात मूल असेल तर त्याचं डोकं, कान, हृदय, काहीही बिघडू शकतं. ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. विचारल्याशिवाय नाही. आणि ही इथे नाही, कुलपात."

मावशीला सगळं समजलं. तिला न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम यायच्या आधी तिने खोकी पुन्हा जशीच्या तशी लावली. तोंड नसलेला माणूस भिंतीवर उभा आहे, हे तिला बघवेना. "गिऱ्हाईक गाल दाखवतं हो मॅडम," ती म्हणाली, "कूळ दाखवत नाही." धाकटे मालक गल्ल्यावरून हसले आणि भिंत राहिली.

मॅडमने दोन गोष्टी मात्र करून घेतल्या. स्टिरॉइडची ट्यूब पुढून काढली आणि कॅप्सूल कुलपात टाकल्या. शिवाय कॅप्सूल देताना बाईमाणसाला विचारायचं, हेही ठरलं. कुलपाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये असायची. तिच्या सुट्टीच्या दिवशी चिठ्ठी घेऊन आलेली माणसं ताटकळायची, कुरकुरायची. असं दोनतीनदा झाल्यावर मावशीने कुलपाचं कपाट उघडं असताना त्यातलं एक खोकं गुपचूप चेहऱ्याच्या कप्प्यात मागे आणून ठेवलं. विचारायची मात्र ती चुकत नसे. "दिवस गेलेत का? मूल होऊ द्यायचा विचार?" प्रत्येक बाईला, एका सुरात, बसचा कंडक्टर पुढे सरका म्हणतो तसं. तो प्रश्न मॅडमचा होता. मावशीचं स्वतःचं वाक्य जुनंच होतं.

ठकी आता बालवाडीत शिकवत होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका शांत माणसाशी तिचं लग्न झालं होतं, घर दोन गल्ल्या सोडून. लग्नानंतरही चेहरा तसाच होता, उलट हनुवटी आणि जबडा जास्तच भरून यायचे. चेहऱ्याच्या कप्प्यातलं बहुतेक सगळं तिचं वापरून झालं होतं. जंतू मारणाऱ्या ट्यूबने तिच्या उशांच्या अभ्र्यांवर पांढरे डाग पडले होते, सगळे एकाच बाजूला, ती ज्या कुशीवर झोपायची तिकडे. बालवाडीतली पोरं लाडकी, पण पोरांच्या तोंडाला दार नसतं. "बाई, तुम्हाला मुंग्या चावल्या?" एकाने तर स्वतःच्या वहीवरचा ताऱ्याचा स्टिकर काढून तिच्या हनुवटीवर चिकटवला, बरं व्हावं म्हणून. ती तो तसाच लावून मावशीकडे आली. हसत सांगत होती आणि सांगता सांगता थांबली.

मॅडमच्या सुट्टीच्या दुपारी ती दुकानात आली. काउंटरच्या टोकाला, तिच्या जुन्या जागी बसली.

"मावशी, आता काहीतरी जालीम दे. शाळेतल्या एका बाईंचा चेहरा कॅप्सूलने साफ झालाय. आहेत ना तुझ्याकडे?"

मावशीने तिच्याकडे बघितलं. समोरून उजेड पडेल अशा बेताने ती बसली होती. ही सवय तिला कोणी शिकवली नव्हती. तिने मागे हात घातला, खोक्यातून पट्ट्या काढल्या. खोकं जिथल्या तिथे राहिलं, त्यावरचं पोटुशी बाई खोडलेलं लाल चित्रही तिथेच राहिलं.

"रोज जेवण झालं की एक. खंड पाडायचा नाही. ओठ फुटतील, ही डबी लाव."

"काही धोका नाही ना गं?"

प्रश्न मावशीच्या जिभेवर आला होता. खरंच आला होता. पण तो परक्या बायकांना विचारायचा प्रश्न, कंडक्टरचा. लग्नातच ठकीने सांगितलं होतं, एवढ्यात मूल नको, आधी घर जरा लागू दे. आणि घरच्या पोरीला, हाताने न्हाऊमाखू घातलेल्या पोरीला, काउंटरवरून विचारायचं दिवस गेलेत का? मावशीला ते कसंसंच वाटलं.

"गळ्याच्या वरचंच आहे," ती म्हणाली. "घे बिनघोर."

सुरुवातीला मुरूम वाढले, मग ओठ सोलले, आणि मग हळूहळू, भरतीचं पाणी ओसरावं तसा चेहरा वर येऊ लागला. पट्ट्या संपल्या की मावशीच नव्या द्यायची, मॅडम जेवायला गेलेली असताना. चोरी तिला वाटत नव्हती. मॅडम उगाच कीस काढत बसेल, एवढंच. ठकी कुठल्याही उजेडात बसायला लागली. दारात उभी राहून रस्त्यावरच्या कोणाशीही बोलायला लागली. मावशी काउंटरमागून ते बघायची. आपल्याला जे मिळालं नाही ते आपल्याच हाताने पोरीला दिलं, हे सुख तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतलं, आणि कोणालाही न सांगता घेतलं.

मग एक दिवस शाळा सुटल्यावर ठकी आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटे मालक फोनवर होते, मॅडम मागच्या खोलीत माल मोजत होती. ठकी काउंटरसमोर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिली. तोंडभर हसू. मावशीने ओळखलं, खेळ आहे.

"बोला बाई, कुठे दुखतंय?"

ठकीने बोट गालावर ठेवलं. "इथे आता काही नाही." बोट खाली उतरलं. गळा, छाती, आणि पोटावर येऊन तिने तळवा पसरला. "इथेही दुखत नाहीये. पण बघायचंय. पाळी चुकलीये."

मावशीचा हात सवयीने बायकांच्या कप्प्याकडे गेला. तपासणीच्या पट्टीचं पाकीट तिच्या बोटांत आलंसुद्धा. आणि मग नजर वर चढली, पोट, छाती, घसा, चेहरा. मधे तीन फळ्या होत्या. तेवढंच अंतर होतं ते. जन्मभर तिला वाटत आलं होतं की त्या फळ्या माणसाच्या आतही असतात.

"गोळ्या?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"घेतेय की रोज. तूच म्हणालीस ना खंड पाडू नको." ठकीने पाकीट तिच्या हातातून ओढून घेतलं आणि दुकानामागच्या संडासात गेली. बाहेर आली तेव्हा दोन रेघा उमटलेली पट्टी तिने दिव्यासारखी धरली होती, वारा लागू नये तशी.

त्या क्षणी गप्प बसणं शक्य होतं. हे मावशीला नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं. गोळ्या आता बंद कर, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मूल नीट झालं असतं तर देव पावला, नसतं झालं तर नशिबावर गेलं असतं. माणसं नशिबावर किती तरी गोष्टी ठेवतात, ते तर सगळ्यात मोठं कपाट. ती ठकीच्या तोंडाकडे बघत राहिली. साफ, हसरं, तिच्या आईचे डोळे आता उघड दिसणारं तोंड.

"मॅडम," तिने मागच्या खोलीकडे हाक मारली. या वेळी ताणून नाही. "बाहेर या. माझ्या हातून झालंय काहीतरी."

मॅडम रागावली नाही. ती आधी पांढरी पडली, मग ठकीला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं, तितक्याच हळू आवाजात. गोळ्या त्या दिवसापासून बंद. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं, जास्त शब्दांत. बिघडलंच आहे असं मी म्हणत नाही. नीट आहे असंही मला म्हणता येणार नाही. सोनोग्राफीत सगळं दिसत नाही, आणि जे दिसतं ते आत्ता दिसायचं नाही. धोका लहान नाही. निर्णय तुमचा, घाई नाही, पण फार वेळही नाही.

बाहेर बाकावर तिघं बसली होती. ठकीचा नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "लिफ्टच्या दोराची शंका आली ना, की आम्ही लिफ्ट बंदच ठेवतो. दोर तुटलेला नसतो. पण चालवत नाही."

ठकी म्हणाली, "त्यात माणूस नसतो तेव्हा."

मग त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिने तो घेऊ दिला. मावशी बाकाच्या टोकाला होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही, आणि प्रकाश कुठून येतोय हे तिने त्या दिवशी बघितलं नाही.

मूल न ठेवायचा निर्णय दोघांनी घेतला. त्यात मावशीला कोणी काही विचारलं नाही.

सगळं उरकून ठकी घरी आली तेव्हा मावशी डबा घेऊन गेली. ठकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीचा अभ्रा जुनाच, एका बाजूला पांढरे डाग पडलेला. मावशीने डबा ठेवला, पाणी ठेवलं, पांघरूण सारखं केलं. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती जायला वळली.

"मावशी."

"काय गं?"

"बाकीच्या बायकांना विचारतेस ना तू? कॅप्सूल देताना?"

"विचारते."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग मला का नाही विचारलंस?"

मावशीने दाराची चौकट धरली. "तू घरची ना."

ठकी वळली नाही. "मला परकी समजली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. ती चिडून बोलली असती तर मावशीला सोसलं असतं. ती नुसती दमली होती.

पुढच्या आठवड्यात मावशीने भिंत उतरवली. धाकटे मालक आधी नाही म्हणाले, मग मावशीकडे एकदा बघून दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि चहा सांगितला. मॅडम खाली बसून वर्ग लावत होती आणि मावशी स्टुलावर चढून एकेक खोकं तिच्या हातात देत होती. केस, डोळे, कान. चेहऱ्यापाशी आल्यावर तिने एकेक खोकं हातात धरून स्वतःच सांगितलं. हे छिद्रं मोकळी करणारं. हे जंतू मारणारं. हे अँटिबायोटिक, एकटं द्यायचं नाही. हे पिंपल्सचं नव्हेच. मॅडम नुसती मान हलवत होती. कॅप्सूलचं खोकं आलं तेव्हा मावशी खाली उतरली आणि ते स्वतः कपाटात ठेवून आली. किल्ली तिने मॅडमला परत दिली. दुसरी किल्ली करून घेऊ का, असं मॅडमने विचारलं, तर नको म्हणाली.

गिऱ्हाइकांचे हाल झाले काही दिवस. माणसं पोटाला हात लावायची आणि मावशीचा हात जुन्या उंचीवर जायचा. तिथे कापूस आणि बँडेज असायचं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहायचा. मग ती विचारायची. कधीपासून? आणखी काय घेता? चिठ्ठी आहे? "हल्ली मावशी वकील झाल्या," असं एक म्हातारे म्हणाले. ती हसली नाही.

ठकीकडे तिचे डबे जात राहिले. ते रिकामे होऊन, धुतलेले, नवऱ्याच्या हाती परत यायचे. निरोप काही नसायचा.

बऱ्याच महिन्यांनी, दुपारच्या वेळी, ठकी दुकानात आली. चेहऱ्यावर मुरूम परतले होते, पहिल्याइतके नाहीत, पण होते. काउंटरच्या टोकाला तिची जागा रिकामी होती. ती तिथे गेली नाही, समोर उभी राहिली. तिने गालाला बोट लावलं नाही, पर्समधून डॉक्टरची चिठ्ठी काढून पुढे ठेवली.

मावशीने चष्मा लावला. दोनदा वाचली. वरून लावायचं मलम होतं. पोटुशी बाईलाही चालतं, अशांतलं. मॅडमने ते वेगळ्या खणात ठेवायला शिकवलं होतं. ते देताना कोणाला काही विचारावं लागत नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तिने मलम आणून काउंटरवर ठेवलं. त्यावर हात तसाच ठेवला.

"दिवस गेलेत का?" तिने विचारलं.

मागे मॅडमने मान वर केली.

ठकीने पहिल्यांदा वर बघितलं. मावशीच्या चेहऱ्याकडे, नीट, खड्ड्यांसकट. मावशी आता कुठेही उभी राहायची. ती होती तिथे उजेड बाजूने येत होता.

"नाही," ठकी म्हणाली.

"मूल होऊ द्यायचा विचार?"

बाहेरून एक सायकल गेली. "माहीत नाही अजून."

"बरं," मावशी म्हणाली. "हे चालतं. रात्री झोपताना लाव."

तिने हात उचलला. ठकीने मलम घेतलं, चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पायरीपाशी जाऊन म्हणाली, "येते."

तसं तर सगळीच गिऱ्हाइकं म्हणतात.